दृष्टांत, कानस आणि मराठीचा वर्ग

सन 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवाधिष्ठित अध्ययनाचा पुरस्कार करताना हाताने करून शिकणे आणि कथाकथनातून शिकवणे या दोहोंचा उल्लेख एकत्रच केला आहे. त्यानुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग व क्षेत्रप्रकल्प यांना श्रेयांक मिळाले. मराठी विभागांनी या तरतुदीचा अर्थ मात्र फारच संकोचून घेतलेला दिसतो. विद्यार्थी एखाद्या प्रकाशनसंस्थेत वा वृत्तपत्राच्या कार्यालयात जातो, मुद्रिते तपासतो, प्रमाणपत्र आणतो आणि प्रकरण संपते. साहित्याच्या अभ्यासाशी या अनुभवाचा संबंध काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

वस्तुतः हा प्रश्न मराठी गद्याच्या आरंभापासूनचा आहे. केसोबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त श्रीचक्रधरांचे 114 दृष्टांत आहेत. सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्याची त्रिपदरी रचना प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थी पाठ करतो. त्यातील हत्ती आणि जात्यंधांचा दृष्टांत तर सर्वपरिचित आहे. परंतु तेथे ज्ञान हातांनी होते, याकडे लक्ष वेधले जात नाही. जात्यंध हत्तीला चाचपतात. ज्याच्या हाती जे लागते तेच त्याला सत्य वाटते. प्रत्येकाचा स्पर्श खरा आहे, अपुरे आहे ते त्यावरून काढलेले अनुमान. हे अपुरेपण कथेमुळे दिसते. म्हणजे हाताचा अनुभव आणि त्याची कथा ही परस्परांना पर्याय नाहीत, एकीवाचून दुसरी अर्धीच राहते. आजच्या वर्गात दार्ष्टांतिक आधी सांगितले जाते आणि दृष्टांत वेळ उरल्यास. शालेय पुस्तकांतील ‘तात्पर्या’चा संस्कार इतका खोल गेला आहे!

आधुनिक काळात हे नाते शिक्षणात उतरवले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच, त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली. शंख-शिंपले, बिया, पाने ही तेथील शैक्षणिक साधने होती. परिसरात जे हाताला लागते त्यावरच गोष्ट, गाणे व गणित उभे राहिले. या प्रयोगाची नोंद शिक्षणशास्त्रात झाली. मराठीच्या अध्यापकांनी मात्र तो ‘बालवाडीचा विषय’ म्हणून सोडून दिला.

कोसबाडचे कुरण दूर वाटत असेल तर ठाण्यातील महाविद्यालयांना वागळे इस्टेट जवळ आहे. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत होय. येथील अनेक कारखाने आज बंद झाले वा अन्यत्र गेले. त्यांच्या जागी आयटी पार्क व कार्यालये आली. लेथवर, प्रेसवर आयुष्य घालवलेली पिढी निवृत्त झाली असून तिच्याबरोबर एक भाषाही चालली आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे ‘सूत’, ही तिची मापनपद्धती. फिटरच्या उमेदवारीचा आरंभ कानस चालवण्यापासून होतो. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या तुकड्यावर गुण्या धरून तो उजेडासमोर नेला की फट दिसते, आणि काम पुन्हा सुरू होते. ‘हात बसणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ कोणत्याही कोशापेक्षा येथे अधिक नेमका कळतो.

नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह 1966 चा. तो वर्गात ‘कामगार जाणीव’ या शीर्षकाखाली मुद्देवार शिकवला जातो. शिकणाऱ्यांपैकी काहींचे वडील वा आजोबा याच वसाहतीत पाळ्या करीत होते. पण घरातील ती कथा वर्गात आणण्यासारखी आहे, असे त्यांना कोणी सुचवलेले नसते. ही उपेक्षा केवळ अध्यापनाची नव्हे, वाङ्मयीन अभिरुचीचीही आहे.

हे समाजशास्त्राचे काम आहे, साहित्याचे नव्हे, असा आक्षेप अपेक्षित आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. छापील प्रश्नावली घेऊन गेलेला विद्यार्थी पगार, संप, टाळेबंदी यांची माहिती आणील आणि तिला कथा म्हणेल. परंतु निवेदक कोठे थांबतो, अपघाताचे वर्णन करताना ‘मी’ सोडून ‘आपण’ कधी म्हणतो, यंत्राला कोणते क्रियापद लावतो, हे टिपण्यासाठी साहित्याचाच विद्यार्थी हवा. निवेदनमीमांसा तो एरवी कादंबऱ्यांवरून शिकतोच.

त्यासाठी आधी त्याने चार-सहा दिवस एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये उभे राहावे, परवानगी मिळाल्यास कानस हाती घ्यावी, आणि मगच निवृत्त कामगारासमोर बसावे. हात दुखल्यानंतर विचारलेले प्रश्न वेगळे असतात. मिळालेले निवेदन प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह अध्यापकालाच अधिक होईल. तेव्हा मूळ ध्वनिमुद्रण विभागात जपून ठेवणे आणि त्याची प्रत सांगणाऱ्याच्या घरी पोहोचवणे, एवढी अट तरी क्षेत्रप्रकल्पाच्या गुणदानात असावी.