सोनाराची सवागी आणि मृत्यूची दरी

सोनार दागिना जोडताना सांध्यावर पांढरी पूड टाकतो. मराठीत ती सवागी किंवा टाकणखार, आपल्या उर्दूत सुहागा. 'सोने पे सुहागा' आपण उठताबसता म्हणतो. बोरॅक्स हे तिचे इंग्रजी नावही मुळात अरबी 'बौरक'वरूनच आले. एके काळी हा खार तिबेटातून हिंदुस्थानमार्गे युरोपला जाई.

डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या नातलगांबरोबर आम्ही डेथ व्हॅलीतला हार्मनी बोरॅक्स कारखाना पाहिला. 1883 ते 1888, एवढीच त्याची हयात. आता उघड्या रानात पडक्या मातीच्या भिंती, गंजलेला बॉयलर आणि लाकडी गाड्या. गाडीचे मागचे चाक सात फुटांचे! जवळच फर्नेस क्रीकच्या आवारात जुन्या बग्ग्या, अवजारे आणि आगगाडीचे एक इंजिनही मांडले आहे.

खार सापडला 1881 मध्ये. विंटर्स नावाच्या नवराबायकोने पांढऱ्या मातीवर गंधकाम्ल आणि स्पिरिट ओतून काडी लावली. ज्योत हिरवी झाली. त्यांनी ती जमीन 20,000 डॉलरला विकली. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा किस्सा वर्गात जरूर सांगावा.

उन्हाळ्यात काम बंद पडे. खार पाण्यात उकळून, थंड करून त्याचे स्फटिक काढायचे; पण पाणी थंडच होईना! 1913 च्या जुलैत इथे 56.7 अंश सेल्सिअसची नोंद झाली, यावरून अंदाज यावा. रेल्वे 165 मैलांवर. अठरा खेचरे आणि दोन घोडे जुंपलेल्या गाड्या दहा दिवसांनी तिथे पोचत.

भाच्याने विचारले, "मामू, ही माती गोळा कोण करायचं?"

चिनी मजूर. तळपत्या मिठागरातून कापसाच्या बोंडासारखे खाराचे गोळे तेच खरवडून आणत. अमेरिकेने 1882 मध्ये कायदा करून नव्या चिनी मजुरांना दार बंद केले होते; आधी आलेल्यांच्या हातांवर मात्र हा कारखाना चालला. खेचरांचे चित्र पुढे साबणाच्या पुडीच्या खोक्यावर छापले गेले, जाहिरातींतून घरोघरी पोचले. मजुरांपैकी एकाचेही नाव आम्हाला तिथे वाचायला मिळाले नाही. भाचा बराच वेळ फलक शोधत फिरला.

कोणी जाणार असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा. पाणी भरपूर घ्या, आणि पेट्रोल आधीच भरून घ्या.