गुण आला, पण कशाने?

पावसाळ्यात धर्मापुरीच्या माझ्या दवाखान्यात काविळीचे रुग्ण येतात. काहींच्या गळ्यात काविळीची माळ असते. "डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी माळ घातली अन् तीन आठवड्यांत कावीळ उतरली," असं ते सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ न घालता बऱ्या झालेल्या शेजाऱ्याची नोंद मात्र कुणी ठेवत नाही.

हा शेजारी म्हणजेच संशोधनातला 'कंट्रोल ग्रुप', तुलनेचा गट.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तुलनेच्या ४७ गावांत ही सेवा नव्हती, पण जन्ममृत्यूची नोंद तिथेही ठेवली. सुरुवातीला हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ३९ गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होते. सेवेच्या तिसऱ्या वर्षी ते अनुक्रमे सुमारे २५ आणि ६० झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तुलनेची गावं नसती, तर "काळच सुधारला असेल" असं कुणीही म्हणालं असतं.

इथे गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, म्हणून सुरुवातीचे आकडे जवळपास सारखे असणं महत्त्वाचं ठरलं. औषधांच्या चाचणीत शक्यतो चिठ्ठ्याच टाकतात. नाहीतर धडधाकट रुग्ण एका गटात आणि अशक्त दुसऱ्या गटात जातात. खरं औषध कुणाला आणि तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी कुणाला, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही कळू देत नाहीत. कारण मन आपल्याला हवं तेच पाहतं.

आम्ही डॉक्टरही याला अपवाद नाही. विषाणूंचा ताप चार दिवसांत आपसूक उतरतो आणि श्रेय माझ्या इंजेक्शनला मिळतं. ते मीही वर्षानुवर्षं मुकाट्याने घेतलं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: "हजारोंना गुण आला" हा पुरावा नव्हे. असं कुणी सांगितलं, अगदी मी सांगितलं तरी, एकच प्रश्न विचारा: "ज्यांनी हे घेतलं नाही, त्यांचं काय झालं?"

आणि काविळीत गुंगी, असंबद्ध बडबड किंवा रक्तस्राव दिसला, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर माळेची वाट पाहू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा.