विमा आहे, पण खोली कोणती?

रात्री साडेअकराला इंदूरहून थोरल्या बहिणीचा फोन आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. भावोजींच्या पोटात संध्याकाळपासून कळा येत होत्या. आधी ओवा झाला, मग शेजारच्या डॉक्टरांचे इंजेक्शन झाले आणि शेवटी एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. पित्ताशयात खडे होऊन सूज आली होती. शस्त्रक्रिया टाळता येणार नव्हती. "तू काळजी करू नकोस," ताई म्हणाली, "विमा आहे ना!"

विमा होता, ही गोष्ट खरीच. निवृत्तीनंतर भावोजींनी पाच लाखांची पॉलिसी घेतली आणि सहा वर्षे एकही हप्ता चुकवला नाही. फॉर्म भरताना एजंट म्हणाला होता, "साखरेचं कशाला लिहिता? उगीच हप्ता वाढेल." पण भावोजी जुन्या वळणाचे. त्यांनी मधुमेह आहे, असे स्वच्छ लिहिले. त्या एका ओळीने पुढे किती मनस्ताप वाचला, ते सांगेनच.

दाखल करताना काउंटरवरच्या मुलाने विचारले, "जनरल, दोघांची, की स्वतंत्र खोली?" ताईने क्षणभरही विचार केला नाही. "स्वतंत्रच द्या. हे घोरतात, दुसऱ्या पेशंटला त्रास नको." खोलीचे भाडे रोजचे आठ हजार. पॉलिसीत खोलीची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोजचे पाच हजार. भाच्याने ते पाहिलेही होते. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, 'रोजचे तीन हजार जास्त, चार दिवसांचे बारा हजार. बाबांसाठी एवढे देऊ.' कोणताही मुलगा हेच म्हणेल. आपण असतो तरी हेच केले असते.

मी पोहोचले ती घरी सोडण्याच्या दिवशी. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. भावोजी सकाळी दहापासून कपडे घालून तयार बसले होते. घरी जायला संध्याकाळचे सात वाजले. त्याआधी हातात बिल आले, दोन लाखांचे. विमा कंपनीने मंजूर केले होते एक लाख पस्तीस हजार. उरलेले पासष्ट हजार आपले आपण भरायचे!

ताई त्या कागदाकडे बघतच राहिली. "अरे, खोलीचे बारा हजार जास्त होते ना? मग पासष्ट कुठून आले?"

हिशेब असा झाला

वाचकहो, ताईचा हा प्रश्न या देशातल्या असंख्य घरांचा आहे, म्हणून तो हिशेब इथे मांडते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

खोलीचे भाडे चार दिवसांचे बत्तीस हजार. त्यातले वीस हजार मंजूर झाले. इथवर भाच्याचा हिशेब बरोबर होता. शस्त्रक्रियेची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या भेटी, नर्सिंग असे सगळे मिळून एक लाख वीस हजार. रुग्णालयात हे दर खोलीप्रमाणे बदलतात. शस्त्रक्रिया तीच, सर्जन तोच, थिएटरही तेच. पण पेशंट स्वतंत्र खोलीत असला की फी वाढते. म्हणून कंपनी म्हणते, 'तुमचा हक्क पाच हजारांच्या खोलीचा होता, तुम्ही आठ हजारांची घेतलीत. मग या सगळ्या खर्चाचेही आठ भागांपैकी पाचच भाग आम्ही देऊ.' एक लाख वीस हजारांचे झाले पंचाहत्तर हजार. इथे पंचेचाळीस हजार गेले!

औषधे आणि तपासण्यांचे चाळीस हजार मात्र पूर्ण मिळाले. हे आपोआप झालेले नाही. पूर्वी अनेक कंपन्या औषधांनाही अशीच कात्री लावत. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केला, की औषधे, शरीरात बसवायची उपकरणे, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे भाडे यांना ही प्रमाणशीर कपात लावता येणार नाही. ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथेही ती लावता येत नाही. शेवटी हातमोजे, नोंदणी फी, किरकोळ साहित्य असे आठ हजार राहिले. ते पॉलिसीत बसत नव्हते.

बारा, पंचेचाळीस आणि आठ मिळून पासष्ट हजार. भाच्याने त्या वेळी कार्डावर पैसे भरले. पुढच्या आठवड्यात ताईने गच्चीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली.

यात कंपनीने फसवले, असे मला म्हणता येत नाही. कलम पॉलिसीत छापलेले होते. रुग्णालयानेही दर लपवले नव्हते. मग चुकले कुठे? काउंटरवरच्या त्या एका प्रश्नाचे उत्तर साठ हजारांचे असू शकते, हे ताईला कोणीच सांगितले नाही. कंपनीने नाही, एजंटने नाही आणि रुग्णालयानेही नाही. आजारी माणसाजवळ उभ्या असलेल्या बाईने रात्री बारा वाजता हे गणित सोडवावे, अशी आपली व्यवस्था अपेक्षा करते.

दर कोण ठरवणार?

आपल्याकडे 'मेडिक्लेम' आला १९८६ मध्ये, चार सरकारी विमा कंपन्यांकडून. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले. गरिबांसाठी २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, तिचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला तीस हजारांचे होते. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेने ते पाच लाखांवर नेले आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, त्या योजनेत घेतले. भावोजींना सत्तरी गाठायला अजून दोन वर्षे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. हे सगळे चांगलेच झाले.

त्याचा परिणामही दिसतो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा सरकारी हिशेबानुसार २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजही आपल्याच खिशातून जातात. त्यात रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची फी आणि बाहेरच्या तपासण्या येतात. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येतात. भावोजींच्या साखरेच्या गोळ्यांना विम्याचा काडीचा उपयोग नाही.

पण खरा वाद पुढेच आहे. विमा बिल भरतो, बिल किती असावे हे तो ठरवत नाही. कंपन्या म्हणतात, विमा आहे म्हटले की रुग्णालये बिल फुगवतात. रुग्णालये म्हणतात, जागा महाग, यंत्रे महाग, चांगल्या परिचारिका मिळत नाहीत, सरकारी योजनांचे दर परवडत नाहीत आणि पैसेही उशिरा येतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांच्या भांडणात वाढतो तो आपला हप्ता. बिले वाढली की दावे वाढतात, दावे वाढले की हप्ता वाढतो. मग ज्याला हप्ता झेपत नाही तो पॉलिसी सोडतो, आणि बहुधा तो म्हातारा असतो, ज्याला तिची सर्वांत जास्त गरज असते. म्हणूनच नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले, की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी आमच्याशी बोलावे.

दरांना हात लावता येतच नाही, असे म्हणणाऱ्यांना मी हृदयातल्या स्टेंटची आठवण करून देते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या. औषधी लेप असलेला स्टेंट, जो लाखाच्या घरात विकला जाई, तो तीस हजारांच्या आत आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांचेही तसेच झाले. म्हणजे मनात आणले तर जमते.

मात्र रुग्णालयाच्या एकूण दरांबाबत गाडी अडली आहे. २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखालील २०१२ च्या नियमांत अशी तरतूद आहे, की राज्यांशी सल्लामसलत करून केंद्राने दरांच्या मर्यादा ठरवाव्यात आणि रुग्णालयांनी त्या पाळाव्यात. पण आरोग्य हा राज्यांचा विषय. अनेक राज्यांनी हा कायदा स्वीकारलाच नाही, महाराष्ट्रही त्यांतच आहे. तिथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन प्रमुख सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. दरांच्या मर्यादा अजून का ठरल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये केंद्राला खडसावून विचारले होते.

माझे मत विचाराल, तर सगळ्या रुग्णालयांना एकच दर लावणे न्यायाचे होणार नाही. खेड्यातले दहा खाटांचे रुग्णालय आणि महानगरातले मोठे रुग्णालय यांचा खर्च सारखा कसा असेल? पण एकाच थिएटरात, एकाच सर्जनने केलेल्या एकाच शस्त्रक्रियेची किंमत पेशंटच्या खोलीत वातानुकूलन यंत्र आहे की नाही यावर का ठरावी? खोलीचे पैसे खोलीचे घ्या, शस्त्रक्रियेचे शस्त्रक्रियेचे घ्या. एवढी एक गोष्ट झाली, तरी ताईसारख्यांची कितीतरी मुदत ठेवींची मोड थांबेल. आणि सरकारी रुग्णालय जिथे चांगले चालते, तिथे शेजारच्या खासगी रुग्णालयालाही दर वाढवताना विचार करावा लागतो. विम्याच्या योजना वाढवताना सरकारी रुग्णालयांकडे काणाडोळा झाला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाईल.

तोवर घरच्यांनी काय करावे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आजारपण मात्र थांबत नाही. म्हणून आज रात्रीच कपाटातली पॉलिसी काढा आणि जेवणे झाल्यावर सगळ्यांनी मिळून वाचा.

पहिले, खोलीची मर्यादा शोधा. ती असेल तर दाखल करताना "आमच्या पॉलिसीत बसणारी खोली द्या" असेच सांगा. नवी पॉलिसी घेत असाल, तर खोलीची मर्यादा नसलेली घ्या. हप्ता थोडा जास्त पडेल, पण अडचणीच्या वेळी तीच स्वस्त वाटेल. जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय २०११ पासून आहे. त्यात आधी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. फक्त नूतनीकरणाच्या तारखेच्या दीड महिना आधी अर्ज करावा.

दुसरे, फॉर्मवर आजार लपवू नका. एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली, की सिद्ध झालेली फसवणूक सोडून इतर कारणाने कंपनी माहितीवर बोट ठेवू शकत नाही. भावोजींच्या वेळी कंपनीने मधुमेहाची जुनी कागदपत्रे मागितली होती. फॉर्मवर ती ओळ होती, म्हणून विषय पाच मिनिटांत मिटला. नसती, तर एक लाख पस्तीस हजारांवरही पाणी सोडावे लागले असते.

तिसरे, घरी सोडायला उशीर होत असेल तर नुसते बसून राहू नका. रुग्णालयाकडून अंतिम मंजुरीची मागणी पोहोचल्यापासून कंपनीने तीन तासांत उत्तर द्यायला हवे आणि तिच्या उशिरामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च तिनेच सोसायला हवा, असा २०२४ चा नियम आहे. आमच्या वेळी चौकशी केली तेव्हा कळले, की रुग्णालयाने बिलच दुपारी चारला पाठवले होते! सकाळी डॉक्टर "आज घरी जा" म्हणाले, की लगेच बिलविभागात जाऊन "कागद पाठवलेत का?" असे नम्रपणे पण पुन्हा पुन्हा विचारावे.

चौथे, दावा नाकारला किंवा अन्यायाने कापला, तर रडत बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालये आहेत, मध्य प्रदेशासाठी भोपाळला.

निघताना ताईच्या घरी पाहिले, तर देवघराशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. वर पॉलिसीचा क्रमांक, खाली कंपनीचा फोन आणि त्याखाली जाड अक्षरांत, 'खोली पाच हजारांपर्यंतच.' भावोजी तो कागद बघून हसले आणि म्हणाले, "म्हणजे आता माझ्या घोरण्याचा त्रास दुसऱ्या पेशंटला!"

"होऊ दे," ताई म्हणाली. "कापूस देऊ त्यांना कानात घालायला. पासष्ट हजारांपेक्षा स्वस्तच पडेल."