वजन घटले म्हणजे पथ्य फळले, असे नव्हे

हृद्रोगाचा किंवा जुनाट श्वासाचा रुग्ण चिकित्सालयात आला की ‘वजन उतरवा, दूध-तूप वर्ज्य करा, रात्री लंघन करा’ हा उपदेश बहुधा ठरलेला असतो. पुढच्या भेटीत काट्यावर तीन-चार किलो कमी दिसले की वैद्य आणि रुग्ण दोघेही समाधान पावतात. हे समाधान प्रत्येक वेळी सार्थ असतेच असे नाही, याकडे आम्ही वैद्यबंधु-भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो.

अँकर व सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हार्ट फेल्युअरच्या १७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने वा अधिक काळात ज्यांचे वजन ७.५ टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांपैकी निम्मे रुग्ण पुढील अठरा महिन्यांत दगावले. इतरांत हेच प्रमाण १७ टक्के होते. साठ किलोच्या मनुष्यात ही घट केवळ साडेचार किलोंची होय. फुप्फुसविकारांतही असेच आढळते. सीओपीडीच्या रुग्णांत पोषण-उपचाराने ज्यांचे वजन आठ आठवड्यांत दोन किलोंहून अधिक वाढले, ते अधिक काळ जगले, असे १९९८ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविले. या रोगाचे भवितव्य वर्तविणाऱ्या २००४ च्या ‘बोड’ निर्देशांकात तर २१ किंवा त्याहून कमी बीएमआय हा धोक्याचा एक गुणच मानला आहे.

याचा अर्थ स्थौल्य हितकर आहे, असा मात्र कोणी काढू नये. मेदोवृद्धी हे हृद्रोगाचे कारण आहेच. शिवाय कृश रुग्ण लवकर दगावतात यात रोगाच्या तीव्रतेचाही वाटा असतो. रोगच त्यांना कृश करीत असतो. बीएमआयऐवजी कंबर व उंची यांचे गुणोत्तर घेतले असता स्थूल रुग्णांचा हा भासमान लाभ उरत नाही, असे २०२३ च्या एका विश्लेषणात दिसून आले. तेव्हा प्रश्न वजनाच्या आकड्याचा नसून, ते कशाने घटले आणि त्यासोबत बल गेले काय, हा आहे.

आपल्या ग्रंथांत हा विवेक स्पष्ट आहे. स्थौल्यापेक्षा कार्श्य बरे, हे चरकाचे मत सर्वांना मुखोद्गत असते. परंतु त्याच अष्टौनिंदितीय अध्यायात कृशास कास, क्षय, श्वास हे रोग गाठतात असेही सांगितले आहे, त्याचे स्मरण थोड्यांनाच राहते. हिक्का-श्वास चिकित्सेत तर चरक निःसंदिग्ध आहेत: बृंहणातून होणारा अपाय अल्प व आटोक्यात येणारा, कर्शनातून होणारा मात्र भारी व असाध्यप्राय, म्हणून श्वासरुग्णास प्रायः शमन व बृंहण द्यावे. असे असताना कफाच्या भयाने क्षीण श्वासरुग्णास वमन देणे, किंवा महिनोन्महिने केवळ मुगाच्या कढणावर ठेवणे, कोणत्या शास्त्रास धरून आहे?

आमच्या मते तीन गोष्टी प्रत्येक चिकित्सालयात व्हाव्यात. पहिली, प्रत्येक भेटीत वजन मोजून केसपेपरवर लिहावे आणि मागील सहा महिन्यांचे वजन विचारावे. प्रयत्नाविना घट आढळल्यास क्षय, मधुमेह, अर्बुद यांचीही तपासणी करवून घ्यावी. दुसरी, शोथाने फसू नये. पायांवर सूज असलेल्या हृद्रोग्याचे वजन स्थिर दिसते, पण स्फिक्, ग्रीवा आणि मांड्या सुकलेल्या असतात. याउलट तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर ते बृंहण नव्हे, जलसंचय होय. अशा रुग्णास तत्काळ हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तिसरी, बृंहण अग्नी पाहून करावे. आहार थोडा थोडा, अनेक वेळा, प्रथिनयुक्त असावा. भूक वाढावी म्हणून हृद्रोग्यास लवणभास्कर चूर्ण देताना त्यातील मिठाचा विचार अवश्य करावा.

स्थूल रुग्णाचे अपतर्पण जरूर करावे, पण ते बलाचे रक्षण करून. जिना चढण्याची शक्ती टिकून कंबर उतरली, तर पथ्य फळले. कंबर तशीच राहून दंड आणि मांड्या सुकल्या, तर काट्यावरचा तो कमी झालेला आकडा अभिनंदनाचा नसून चिंतेचा विषय आहे, हे रुग्णाच्या आधी वैद्याने ओळखावे.