खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे

एखादे नवे औषध किंवा नवी लस निघाल्याची बातमी वाचली की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकातून पाहणारा शास्त्रज्ञ उभा राहतो. शोध त्याचा, हे खरेच. पण त्या औषधाने माणसाला खरोखर गुण येतो की नाही, हे ठरते वैद्यकीय चाचणीत, म्हणजेच क्लिनिकल ट्रायलमध्ये. आणि तेथे निकालाचा भरवसा पुष्कळदा एका फ्रिजवर, एका कुलूपबंद कपाटावर आणि एका नोंदवहीवर अवलंबून असतो. या दुर्लक्षित मंडळींची बाजू आज मला मांडायची आहे.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका रुग्णालयात चाचण्यांचा समन्वयक आहे. त्याने एकदा मला आपली कामाची खोली दाखवली. काही अद्भुत यंत्रे पाहायला मिळतील, अशा अपेक्षेने मी गेलो होतो. तेथे होता २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राखणारा एक फ्रिज, तापमानाची आपोआप नोंद करणारे एक छोटे उपकरण, वीज गेली तर जनित्राची सोय, आणि भिंतभर फायली. फ्रिजच्या दारावर तापमापकाच्या तपासणीचे प्रमाणपत्र चिकटवलेले होते.

"सर, हा तापमापक तीन अंश जास्त दाखवू लागला तर काय होईल?" त्याने मलाच प्रश्न केला.

उत्तर तुम्हीही देऊ शकाल. आपण व्हर्नियर कॅलिपर वापरताना शून्य त्रुटी पाहतो, तशीच ही त्रुटी आहे. तापमापकावर २ अंश दिसत असताना आत प्रत्यक्षात उणे १ अंश असेल. ज्या लशींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, त्या एकदा गोठल्या की क्षारांचे कण एकमेकांना चिकटतात आणि लशीची शक्ती घटते. पुन्हा वितळल्यावर ती पहिल्यासारखी होत नाही. अशी लस शेकडो लोकांना टोचली, तर चाचणीचा निकाल येईल, 'लस निरुपयोगी'. वास्तविक निरुपयोगी होता तो तापमापक!

मग त्याने मला फायलीचे एक कोरे पान दाखवले आणि नोंदीचा नियम सांगितला. आकडा चुकला तर तो खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर पांढरी शाई लावायची नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची आणि तारीख घालायची. खोडलेला आकडा पुढच्या माणसाला वाचता आला पाहिजे.

एवढी काटेकोर शिस्त कशासाठी? त्यासाठी आपण थोडे मागे, मुंबईला जाऊ.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करण्याच्या कामाला लागले. त्यांना मिळालेली साधने म्हणजे एक खोली व व्हरांडा, आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई! १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना लस देण्यात आली. टोचलेल्या १४७ जणांपैकी दोघांना पुढे प्लेग झाला, मृत्यू एकही नाही. न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ दगावले. टक्केवारी काढून पाहा. लागणीचे प्रमाण अनुक्रमे सुमारे १.४ आणि ७ टक्के येईल.

ही तुलना शक्य झाली, कारण सगळे एकाच छपराखाली राहत होते, एकच अन्न खात होते आणि कोणाचे काय झाले याची नोंद राहत होती. म्हणजे तुरुंगाची हजेरी हीच त्या चाचणीची सोय होती. अर्थात आज कोणी अशी चाचणी सहजासहजी करू देणार नाही. कोठडीतल्या माणसाची 'हो' कितपत मोकळ्या मनाची, हा प्रश्न आहेच. शिवाय लस कोणी घ्यावी हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते.

पुढे हीच लस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाकी ८८ जणांना काहीही झाले नाही. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले. परंतु बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी हे सारे मांडून दाद मागितली, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. लस शुद्ध होती. घात केला चिमट्याने. पण कोणत्या बाटलीतून कोणाला लस दिली याची नोंद नसती, तर दोष एका बाटलीपुरता होता हे तरी कळले असते का?

आता अलीकडचे उदाहरण. लहान मुलांना जुलाबाने बेजार करणाऱ्या रोटाव्हायरसवरील 'रोटाव्हॅक' या भारतीय लशीची चाचणी २०११ मध्ये दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे सुरू झाली. पुण्याची बाजू के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने सांभाळली. एकूण ६,७९९ बाळे. दर तिघांतील दोघांना लस, एकाला लशीसारखाच दिसणारा पण लस नसलेला द्रव. कोणाला काय मिळाले हे ना आईला ठाऊक, ना डॉक्टरला. ते सांकेतिक क्रमांकांत बंद. कार्यकर्ते घरोघरी संपर्क ठेवून बाळाला जुलाब झाले का, याची चौकशी करत. हजारो बाळांची अशी महिनोन्महिने विचारपूस झाली, तेव्हा कळले की तीव्र आजाराविरुद्ध ही लस पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्के परिणामकारक आहे. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. ऊनपावसात दारोदार फिरलेल्या त्या कार्यकर्त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

काहीजण म्हणतील, 'चाचणी म्हणजे गरिबांवर प्रयोग.' ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तिच्यावरचा उपायही चांगल्या व्यवस्थेतच आहे. आपल्या देशात २००९ पासून प्रत्येक चाचणीची सार्वजनिक नोंद सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत आणि त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री व एक सामान्य नागरिकही हवा. सहभागी व्यक्तीला आपल्या भाषेत सर्व माहिती मिळण्याचा, नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई मिळण्याचाही आहे. समितीतील तो 'सामान्य नागरिक' उद्या तुमचे शिक्षकही असू शकतील. म्हणून शिक्षकांनी हे नियम वाचावेत, असे मला वाटते.

माझे दुसरे म्हणणे महाविद्यालयांसाठी आहे. नाशिकला १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याच्याशी हातमिळवणी करून आम्ही विज्ञान महाविद्यालयांनी उपकरणांची तपासणी, शीतसाखळी आणि नोंदी ठेवणे यांचे छोटे अभ्यासक्रम चालवावेत. बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना हे काम उत्तम जमेल. मात्र त्याला 'कारकुनी' म्हणून नाक मुरडणे आपण थांबवले पाहिजे.

तिसरे म्हणणे सांगताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते. काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थिनीने साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढले, ते आले ९.४. मी म्हणालो, "पुन्हा बघ." पाच मिनिटांत तिने ९.८ करून आणले. एवढ्या वेळात सगळी निरीक्षणे पुन्हा घेणे शक्यच नव्हते, हे मला कळत होते. तरी मी सही केली. तिची लांबी मोजण्यात चूक होती की दोलने मोजण्यात, हे शोधण्याची संधी त्या सहीबरोबर गेली. आणि आकडा जुळवला की काम होते, हा धडा मात्र मी तिला देऊन बसलो.

तीच सवय घेऊन कोणी फ्रिजसमोर उभा राहिला, तर रात्री वीज गेली होती हे न लिहिता तो सकाळी '५ अंश' लिहील. आता मी जर्नल तपासताना खोडलेल्या आकड्याचे गुण कापत नाही. रेघ मारून, कारण लिहून ठेवलेल्या चुकीला उलट एक गुण जास्त देतो. शाळांनीही हा प्रयोग करून पाहावा. तुमच्या पुढच्या प्रात्यक्षिकात उत्तर चुकले, तर खोडरबर दप्तरातच राहू द्या.