लेख पसरवा, नाणं नको

मंचरजवळच्या अवसरी खुर्दला २००९ पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतनही आहे. ब्लॉकचेन म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातून कळलेली मुलं आणि मंचरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो नि बिबट्याची बातमी मोबाइलवर पाहणारे शेतकरी इथे एकाच शिवारात राहतात. ब्लॉकचेनवर लिहिणाऱ्यांचा एखादा मराठी समूह उभा राहायचा असेल, तर त्याला लेखक पहिल्या गटातून मिळतील आणि वाचक दुसऱ्यातून. हे वाचक आज आहेत व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर, यूट्यूबवर. मग बड्या कंपन्यांच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ज्यांनी वेगळी चूल मांडली, त्यांनी निमंत्रणं वाटायला पुन्हा त्याच कंपन्यांच्या दारात जायचं का? माझ्या मते खुशाल जावं, त्यात विसंगती काही नाही. खोट आहे ती तिथे जाऊन नेमकं काय वाटलं जातं, यात.

वेगळी चूल मांडण्याची गरज मात्र खरी आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत लाखोंचा प्रेक्षक जमवलेल्या कलाकारांची खाती एका रात्रीत निरुपयोगी झाली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण जमवलेला प्रेक्षक आपला नव्हता, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि त्यांच्यासोबत तिथलं मराठी लेखनही बरंचसं गेलं. ब्लॉकचेनवर मजकुराच्या प्रती अनेक संगणकांवर एकाच वेळी असतात, त्यामुळे एका कंपनीने कुलूप लावलं म्हणून लेख नाहीसा होत नाही. (छायाचित्रं बहुधा साध्या सर्व्हरवरच असतात, हे प्रचारक सहसा सांगत नाहीत.) पण टिकणं वेगळं आणि वाचलं जाणं वेगळं. जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहनांनी यज्ञांचा आणि दानाचा हिशेब दगडात कोरला, तो कोकणातून घाटावर चढणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवरच्या लेण्यात. नोंद पक्की हवी होती तशीच ती जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेसही पडायला हवी होती. आजची वाट व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते, एवढाच फरक.

आता अडचण कुठे येते ते पाहू. ब्लॉकचेनवरच्या लेखनाचा एक मोठा प्रयोग म्हणजे २०१६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं स्टीमिट. तिथे रोज नवी आभासी नाणी तयार होत आणि त्यातला वाटा लेखकांना व लेखांना मत देणाऱ्यांना मिळे. कल्पना आकर्षक होती, पण मताचं वजन मत देणाऱ्याने किती नाणी गुंतवून ठेवली आहेत त्यावर ठरत असे. साहजिकच थोड्या धनिकांची मतं भारी झाली, पुढे तर मतं विकणारी स्वयंचलित यंत्रणाही उभी राहिली आणि लेख किती वाचला गेला याचा कमाईशी संबंध उरला नाही. शिवाय कमाईची मुदत सात दिवसांची. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली; त्या दुर्घटनेवर कुणी नेटकं, दहा वर्षांनीही वाचावं असं लिहिलं असतं, तरी आठव्या दिवसापासून या व्यवस्थेच्या लेखी त्याची किंमत शून्य. जे कायम टिकणार म्हणून सांगायचं, त्याचा मोबदला आठवड्यात संपवायचा, हा उफराटा न्याय मला कधीच पटलेला नाही.

प्रसाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. फेसबुकवरची लिंक उघडून कुणी अवसरीतल्या मुलाचा लेख मन लावून वाचला, तरी त्या मुलाला त्यातून काही मिळत नाही, कारण वाचकाचं खातं नाही आणि खात्यात नाणी नाहीत. वाचक उपयोगी ठरतो तो खातं उघडून नाणी घेतल्यावर. म्हणून लिंक टाकणाऱ्याचा हात नकळत लेखावरून नाण्याकडे सरकतो. ‘हे वाचा’ मागे पडतं आणि ‘लिहून पैसे कमवा’ पुढे येतं. जानेवारी २०१८ मध्ये स्टीम या नाण्याचा भाव सुमारे आठ डॉलरपर्यंत चढला होता, तेव्हा ही हाक जोरात होती. त्याच वर्षाच्या अखेरीस भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली आला आणि नोव्हेंबरात कंपनीने सुमारे ७० टक्के कर्मचारी कमी केले. २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी कंपनी घेतली, तेव्हा नाराज सदस्यांनी मार्चमध्ये साखळीच वेगळी करून हाइव्ह सुरू केलं. मालकाला न जुमानता समूह आपला मजकूर घेऊन बाहेर पडू शकला, हे त्या तंत्राचं निर्विवाद यश. पण जाहिरातीची जुनी खोड तिकडेही गेली. ट्विटरवर लेखाची लिंक टाकणाऱ्याला त्याबद्दल वेगळं टोकन देण्याचा प्रयोग हाइव्हवरही झाला.

लिंक टाकल्याचा मोबदला मिळू लागला की शिफारस जाहिरात होते, आणि आपल्याकडे जाहिरातीला नियम आहेत. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोबदला घेऊन केलेल्या प्रचारावर तसं स्पष्ट लिहिणं अपेक्षित आहे. आभासी चलनाच्या जाहिरातीत १ एप्रिल २०२२ पासून जोखमीचा इशाराही द्यावा लागतो. त्याच तारखेपासून अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातला तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. गावच्या ग्रुपवर ‘लिहा आणि कमवा’ असा संदेश ढकलणारा यातलं काय सांगतो? शिवाय पुणे जिल्ह्याने गेनबिटकॉइन पाहिलं आहे. दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष, माणसामागे माणूस जोडण्याची साखळी, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी केलेल्या अटका. लिहिणाऱ्यांच्या समूहाचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही, पण ओळखीच्या माणसाने ग्रुपवर पाठवलेला नाण्याचा संदेश म्हटला की इथल्या माणसाला आधी तेच आठवतं. हा संशय अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे.

मोबदल्याशिवाय लिहील कोण, असं यावर विचारलं जाईल. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून, मराठी विकिपीडिया २००३ पासून, आणि तिथे लिहिणाऱ्यांना दमडीही मिळत नाही. तरी पाककृतींपासून दुर्गभ्रमंतीपर्यंतचं विपुल मराठी लेखन तिथेच साठलं, ते वाचणारा आणि उलट उत्तर देणारा माणूस समोर होता म्हणून. लेखकाला पैसे मिळूच नयेत, असं मी म्हणत नाही. लिहिण्याचा मोबदला जरूर द्यावा. पसरवण्याचा देऊ नये, कारण त्याने पसरवणाऱ्याचा शब्द हलका होतो, आणि गावात शब्दावरच सगळं चालतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे: बाहेर नेणाऱ्या लिंक फेसबुकसारखी माध्यमं मागे ढकलतात, तेव्हा नुसती लिंक टाकून वाचक येणार कुठून? हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्यावर उपाय मोबदल्याचा नसून मजकुराचा आहे. लेखाचा गाभा तिथेच, फेसबुकच्या पोस्टमध्ये वा व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात, चार ओळींत पूर्ण सांगावा आणि सविस्तर वाचायला लिंक द्यावी. आज मंचरला कांदा का उतरला, हे ज्याला त्या चार ओळींत कळलं, तो उद्या लिंक उघडेल.

एक सावधगिरी मात्र हवी. ब्लॉकचेनवरची नोंद बदलता येत नाही म्हणून ती खरी, असा समज पसरवला जातो, तो घातक आहे. दुसऱ्याच जिल्ह्यातल्या बिबट्याची जुनी बातमी ‘आज रात्री अवसरीत’ म्हणून साखळीवर चढली, तर खोटेपणाच कायमचा होईल. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच जणांना जमावाने ठार केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. तिथे निदान चुकीचा संदेश काही काळ मागे घेता येतो. जिथे मागे घेता येत नाही, तिथे लिहिण्याआधीची तपासणी दुप्पट कडक असायला हवी, आणि कुणाच्या घरगुती भांडणाचा वा आजाराचा उल्लेख तर तिथे येताच कामा नये.

अवसरीच्या मुलांना असा समूह उभा करायचा असेल, तर त्यांनी तो जरूर करावा आणि फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर बिनदिक्कत सांगावा. पहिले सहा महिने नाण्याचा उल्लेख एकाही संदेशात करू नये. लिंक पाठवणाऱ्याला काही देऊ नये, आणि कुणी घेतलंच असेल तर तसं संदेशाच्या पहिल्याच ओळीत लिहावं.