वजन होते, पण उंची कोण मोजतो?

एखाद्या सरीतली रोपं खुजी राहिली तर आपण लगेच वाकून बघतो. पाणी कमी पडलं, खत कमी पडलं, की मुळाला कीड लागली? घरातलं पोर खुजं राहिलं, तर मात्र "बापावर गेलंय" म्हणून सोडून देतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. २०१५-१६ मध्ये हाच आकडा ३४.४ होता. एवढी सगळी पोरं काही बापावर जात नाहीत. बहुतेकांची वाढ पोटात असल्यापासून दुसऱ्या वर्षापर्यंतच्या हजार दिवसांत खुंटते. आईच्या अंगात रक्त नसते, लग्न लवकर झालेले असते, सहा महिन्यांनंतर बाळाला पुरेसा वरचा आहार मिळत नाही, वरचेवर जुलाब होतात.

याहून वेगळी अशी थोडी मुले असतात. खाऊन-पिऊन अंगाने बरी, तरी उंची जागच्या जागी. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, कमी पडले की असे होते. हजारो मुलांत एखादेच असे असते. त्याला टॉनिकचा उपयोग नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कित्येक वर्षे इंजेक्शने घ्यावी लागतात आणि ती महाग असतात. वयात आल्यावर हाडांची वाढ थांबली, की मग उंची वाढवता येत नाही. कधी दोष थायरॉईडचा निघतो. त्यावर रोजची स्वस्त गोळी चालते.

हे ओळखायचे कसे? चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. ४ पेक्षा कमी वाढले तर डॉक्टरांना दाखवाच. पण गेल्या वर्षीची नोंदच नसेल, तर कळणार कसे?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी एवढे करावे. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही नीट मोजली जाते का, ते स्वतः बघावे. मोजपट्टी मोडली असेल तर महिला-बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून नवी घ्यावी. शाळेत दर २६ जानेवारीला प्रत्येक मुलाची उंची वहीत लिहावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. त्यांच्यापुढे ही वही ठेवा. गरज वाटली तर ते मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवतात.

सातबाऱ्यावर गुंठाभर कमी लागला तर आपण तलाठ्याकडे चार हेलपाटे घालतो. पोराच्या उंचीसाठी एक तरी घाला.